पखाल मऊ राहावी म्हणून

इंटर्नशिपच्या वर्षी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात धोतऱ्याच्या बिया खाल्लेलं एक पोर रात्री आणलं होतं. चार-पाच वर्षांचं असेल. चेहरा लालबुंद, अंग तापलेलं, जीभ वाळून टाळूला चिकटलेली, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या की बुबुळाचा रंग दिसेना. हवेतलं काहीतरी बोटांनी वेचत होतं. आम्ही तापाकडे, नाडीकडे, झटका येतोय का याकडे बघत बसलो. पहाटे ड्यूटीवरच्या वयस्कर सिस्टरनी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, याची लघवी तुंबलीय." मूत्राशय बेंबीपर्यंत आलं होतं आणि पोराला त्याची गंधवार्ता नव्हती. नळी घातली, भांडं भरलं, दुपारपर्यंत पोर ताळ्यावर आलं.

पुढं बालशल्यचिकित्सा शिकायला गेलो तेव्हा ती रात्र भलत्याच वाटेनं परत भेटली. पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या, म्हणजे स्पायना बायफिडा असलेल्या मुलांना आमचे सर एक गोळी लिहून देत. तिच्या दुष्परिणामांची यादी वाचली. तोंड कोरडं पडणं, चेहरा लाल होणं, घाम कमी येणं, अंग तापणं, जवळचं धूसर दिसणं, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं. ही तर धोतऱ्याचीच यादी, फक्त सौम्य भाषेत छापलेली! गोळी होती ऑक्सिब्युटिनिनची. ती धोतऱ्यातून काढलेली नसते, कारखान्यात बनते. पण धोतऱ्यातलं अॅट्रोपिन ज्या कुलपात जाऊन अडकतं त्याच कुलपात हीही अडकते. मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते मूत्राशयाच्या स्नायूला आवळायचा हुकूम देतं. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून मज्जातंतू रसायनाच्या भाषेत बोलतात हे दाखवलं, आणि १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्याबरोबर मिळालं. आमची गोळी एवढंच करते की हुकूम स्नायूच्या कानावर पडू देत नाही. त्या रात्री पोराच्या मूत्राशयाचं जे झालं होतं, तेच थोड्या प्रमाणात, मोजूनमापून, मी पुढची तीस वर्षं रोज लिहून देत आलो.

मज्जातंतूंच्या बिघाडामुळं ज्यांचं मूत्राशय ताब्यात नाही अशा मुलांच्या औषधोपचारांवर पालकांसाठी मराठीत लिहिलेल्या या पुस्तकाला प्रस्तावना हवी, असं दोघे लेखक सांगायला आले. त्यांतले एक बालमूत्ररोगतज्ज्ञ, दुसऱ्या याच मुलांच्या दवाखान्यात उभं आयुष्य घालवलेल्या परिचारिका. दोन पानं पुरेत म्हणाले होते. ती मर्यादा मी पाळणार नाही, कारण या औषधांबद्दल पालकांच्या मनात जे पहिलं गणित असतं तेच बहुधा चुकलेलं असतं. आणि ते चुकायला आम्ही डॉक्टरही कारण आहोत.

आई येते ती ओल्या चड्डीची तक्रार घेऊन. मेणकापड, दुपटी, शाळेत येणारा वास, बाकावर शेजारी कुणी बसत नाही. तिला पोर कोरडं हवं असतं आणि यात तिचं काही चुकत नाही. डॉक्टर गोळी लिहितो, म्हणतो, "याने गळणं कमी होईल." गोळी खरंच गळणं कमी करते. पण ती त्यासाठी दिलेली नसते.

ती कशासाठी हे सांगायला मला पखाल आठवते. पाण्याची पखाल पाहिलेली माणसं आता थोडीच उरली असतील. आमच्या गावच्या यात्रेत पखालजी यायचे. चामडं तेलपाणी करून मऊ राखलेलं असलं की पखाल भरत जाते, फुगत जाते, पण शिवणीवर जोर येत नाही. तीच उन्हात वाळून ताठ झाली की निम्मी भरेपर्यंत शिवणीतून पाणी पाझरायला लागतं. निरोगी मूत्राशय मऊ पखालीसारखं असतं. पाच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १८० मिलिलीटर लघवी मावते (वयात एक मिळवा, ३० नं गुणा, असा ढोबळ हिशेब), आणि ते काठोकाठ येईपर्यंत आतला दाब जवळजवळ वाढतच नाही. भरताना मूत्राशयाचा स्नायू सैल, खालची झडप आवळलेली. रिकामं करताना बरोबर उलट. ही अदलाबदल कण्याच्या तळाच्या दुसऱ्या ते चौथ्या सेक्रल नसा आणि वर मेंदू, दोघं मिळून सांभाळतात. मूल दोन-तीन वर्षांचं झालं की "शू आली" म्हणतं, ते या तारा जुळल्यामुळं.

पाठीच्या कण्यात जन्मतः फट राहिली की या तारा कुठं तुटलेल्या, कुठं उलट जोडलेल्या असतात. कण्याला मार लागला, मज्जारज्जूला सूज आली, माकडहाडाच्या वरचा भाग तयारच झाला नाही, तरी असंच होतं. पण मुलांत सगळ्यांत जास्त वेळा कारण स्पायना बायफिडाच. काही मुलांत मूत्राशय आणि झडप दोन्ही ढिली पडतात. ही मुलं सतत ओली असतात, आईचा जीव मेटाकुटीला येतो, पण आत दाब साचत नाही. काहींत मूत्राशय मनाला येईल तेव्हा आवळतं, आणि नेमकी त्याच वेळी झडपही आवळते. दोन बैल, दोन दिशांना. मग दाब चढतो, स्नायू जाड होत जातो, पखाल ताठते, लघवी वर मूत्रनलिकांत ढकलली जाते आणि किडनी सुजायला लागते. हे सगळं होताना मुलाला दुखत नाही, कारण दुखणं सांगणाऱ्या ताराच तुटलेल्या असतात. खेळतं, खातं, हसतं. अशी काही मुलं तर इतरांपेक्षा कोरडीही असतात.

१९८१ मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी स्पायना बायफिडाच्या ४२ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. मूत्राशयात किती दाब झाला की लघवी आपोआप गळू लागते, एवढंच त्यांनी मोजलं. ज्यांच्यात ती पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंचीएवढ्या किंवा त्याहून कमी दाबाला गळत होती, त्यांच्यातल्या एकाचीही लघवी उलटी किडनीकडे चढत नव्हती. ज्यांच्यात ४० च्या वर दाब गेल्याशिवाय गळत नव्हती, त्यांच्यात शंभरात ६८ जणांची उलटी चढत होती आणि ८१ जणांच्या मूत्रनलिका फुगलेल्या होत्या. म्हणजे गळणं हे त्या बिचाऱ्या मूत्राशयाचं कुकरच्या शिट्टीसारखं काम होतं. ४० हा आकडा पुढं आमच्या डोक्यात घट्ट बसला. आता तो काही लक्ष्मणरेषा मानत नाहीत, त्याखालीही दीर्घकाळ दाब राहिला तर किडनीला त्रास होतो. पण कोरडेपणावरून किडनीची अवस्था ओळखता येत नाही, हे त्या ४२ मुलांनी जगाला शिकवलं.

मला ते शिकायला एक मुलगी लागली. सहा वर्षांची होती. गोळी सुरू केली, तीन आठवड्यांत आई पेढे घेऊन आली. पोर कोरडी, शाळेत जायला लागलेली. मीही खूश. नळी घालायला आईचा विरोध होता, आणि मीही रेटलं नाही. सोनोग्राफी पुढच्या वेळी करू म्हणालो. पुढची वेळ आठ महिन्यांनी आली, तीही ताप आला म्हणून, आणि दोन्ही किडन्या फुगलेल्या निघाल्या. गोळीनं मूत्राशयाचं आवळणं बंद केलं होतं, त्यामुळं गळणं थांबलं. पण रिकामं करायचा एकमेव मार्गही त्याच आवळण्यात होता. शिट्टी बंद करून मी कुकर गॅसवर तसाच ठेवला होता. ती मुलगी वाचली, किडन्याही बऱ्याच सावरल्या. पेढ्यांचा तो डबा मात्र मला अजून दिसतो.

म्हणून या पुस्तकात औषधाच्या आधी नळीचं प्रकरण आहे, आणि ते वगळून कुणी थेट गोळ्यांवर जाऊ नये. नळीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९५६ मध्ये फिलाडेल्फियात जॉन होल्टर नावाच्या एका यंत्रकारागिरानं स्वतःच्या मुलासाठी डोक्यातलं पाणी उतरवणारी झडप तयार केली. स्पायना बायफिडाच्या बऱ्याच मुलांच्या डोक्यात पाणी साठतं. ही झडप आल्यावर ती मुलं जगू लागली. जगू लागली तेव्हा किडनी निकामी होऊन जाऊ लागली. त्या काळी उपाय होता तो आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावर काढून पिशवीत घेण्याचा, आणि वर्षं लोटली तशी त्या शस्त्रक्रियेतही किडन्या बिघडताना दिसल्या. मग १९७२ मध्ये मिशिगन विद्यापीठातले जॅक लॅपिडीस म्हणाले की नळी निर्जंतुक असण्यापेक्षा ती वेळेवर घालणं महत्त्वाचं आहे. मूत्राशय ताणलं गेलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथंच जंतू माजतात. दर तीन-चार तासांनी रिकामं केलं तर साबणानं धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. निर्जंतुक हातमोज्यांच्या त्या जगात हे पाखंडच होतं. आज आपल्याकडची कुठलीही आई बाळाच्या दूधनळीची सहा किंवा आठ नंबरची ट्यूब धुऊन, डब्यात ठेवून, दिवसातून पाच वेळा हे करते. सहा-आठ वर्षांचं पोर आरशात बघून स्वतः करायला शिकतं. पोरी जरा लवकर शिकतात, असं परिचारिकाबाईंचं मत आहे; माझंही आहे, पण त्याला पुरावा मागू नका.

तेव्हा गोळी पखाल मऊ ठेवते, नळी ती रिकामी करते. नुसती गोळी म्हणजे माझी ती मुलगी. नुसती नळी असेल तर दोन वेळांच्या मधल्या तासांत दाब चढतच राहतो. दोन्ही लागतात का, हे ठरतं युरोडायनॅमिक तपासणीवरून. एक बारीक नळी मूत्राशयात, एक गुदद्वारात, सलाइन हळूहळू सोडायचं आणि पडद्यावर दाबाची रेघ बघायची. मुलाला झोपवावं लागत नाही, कार्टून लावलं की भागतं. ढिल्या मूत्राशयाच्या मुलाला ही गोळी देण्यात काही अर्थ नसतो. शेजारच्या वाडीतल्या स्पायना बायफिडाच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला लागू पडेल असं समजणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

सुरुवात कधी करायची यावर आमच्यात दोन तट होते. किडनी फुगलेली दिसली की मग औषध, असा जुना पंथ. दुसरा म्हणायचा की मूल जन्मल्यावर पहिल्या महिन्यांतच तपासा आणि दाब जास्त दिसला तर नळी-गोळी लगेच सुरू करा. दुसऱ्या पंथाची मुलं पुढं आतड्याचा तुकडा लावून मूत्राशय मोठं करण्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत कमी पोहोचतात, हे अनेक ठिकाणी दिसून आलं आणि वाद जवळपास मिटला. आपल्याकडे अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पाठीची गाठ न्यूरोसर्जन व्यवस्थित बंद करतो, टाके भरतात, घरी सोडण्याच्या कागदावर पायांचा व्यायाम लिहिलेला असतो. मूत्राशयाचा म शब्दही नसतो. मूल माझ्यापुढं येतं ते चौथ्या वर्षी, बालवाडीनं "चड्डी ओली करतो" म्हणून परत पाठवल्यावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, आणि त्यातल्या जन्मजात दोषांच्या यादीत पहिलंच नाव मज्जानलिकेच्या दोषाचं आहे. यादीतल्या त्या पहिल्या नावाचा पाठपुरावा मूत्राशयापर्यंत जावा, एवढी सोय झाली तरी माझी ओपीडी निम्मी होईल.

आता औषधांकडे. ऑक्सिब्युटिनिनला अमेरिकेत १९७५ मध्ये मान्यता मिळाली, आणि आजही बहुतेक मुलांची सुरुवात त्यानंच होते, कारण ते स्वस्त आहे आणि पातळ रूपात मिळतं. लहानांमध्ये मात्रा किलोला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा, अशी असते. १० किलोच्या मुलाला एका वेळी २ मिलिग्रॅम ठरले आणि सिरपच्या ५ मिलिलीटरमध्ये ५ मिलिग्रॅम असतील, तर द्यायचे २ मिलिलीटर. हा हिशेब मी मुद्दाम मांडला, कारण घरातला चहाचा चमचा कधी तीन मिलिलीटरचा असतो, कधी पाचाचा. सुई काढलेली सिरिंज वापरा. मेडिकलवाला बाटली बदलून देतो तेव्हा तिच्यावरचा आकडा परत वाचा. आणि एक दुखणं माझ्याकडच्या निम्म्या फायलींत आढळतं: पोर १० किलोचं असताना लिहिलेली मात्रा ते २२ किलोचं झालं तरी तीच चालू. आई म्हणते, औषध लागू पडेनासं झालंय. औषध बिचारं जागेवर आहे, पोर वाढलंय.

तोंडाची कोरड, लाल चेहरा या गोष्टी पुस्तकात नीट आल्या आहेत. मला विदर्भातला म्हणून एका गोष्टीवर जास्त बोलायचंय. या औषधानं घाम कमी येतो. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, घाम हाच शरीराचा कूलर, आणि आपण तो अर्धा बंद केलेला असतो. दुपारी पत्र्याच्या शाळेतून चालत आलेलं पोर लाल होऊन, गप्प होऊन बसलं तर ते थकलंय असं समजू नका. अंग पुसा, पाणी द्या, ताप मोजा, उतरेना किंवा पोर सुस्तावलं तर दवाखाना गाठा. उन्हाळ्यात मात्रा बदलायची का हे डॉक्टरला विचारा, मनानं बंद करू नका. आणि कोरडं राहावं म्हणून पोराला पाणी कमी देणाऱ्या आया-आज्ज्या मला वर्षानुवर्षं भेटल्यात. या औषधाबरोबर ती काटकसर फार महाग पडते.

दुसरी गोष्ट पोटाची. ज्या नसा मूत्राशयाच्या, त्याच शौचाच्याही, त्यामुळं ही मुलं मुळातच बद्धकोष्ठाची. त्यावर हे औषध आतड्याला आणखी सुस्त करतं. भरलेलं मोठं आतडं मूत्राशयाला मागून रेटतं, मूत्राशय चिडतं, गळणं वाढतं, म्हणून डॉक्टर गोळी वाढवतो, म्हणून पोट आणखी कडक होतं. हे रहाटगाडगं मी इतक्यांदा फिरताना पाहिलंय की आमच्या दवाखान्यात एक वाक्य ठरून गेलं: आधी शी, मग शू. पोट रोज साफ होत नसेल तर आधी ते करा. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड, वेळच्या वेळी एनिमा, जे लागेल ते. कितीतरी मुलांना त्यानंतर गोळी वाढवावी लागली नाही.

आया विचारतात, हे डोक्यावर परिणाम करतं का? प्रश्न रास्त आहे. ऑक्सिब्युटिनिन मेंदूत शिरू शकतं. काही मुलं चिडचिडी होतात, काही झोपाळू, रात्री दचकून उठतात. थोड्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत बुद्धीला मोठा धक्का दिसलेला नाही, पण अभ्यास लहान होते हेही खरं. आपल्या पोराचा स्वभाव आपल्याला माहीत असतो. गोळी सुरू झाल्यावर महिनाभरात तो बदलल्यासारखा वाटला तर वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत सांगा. एक वाट अशीही आहे की औषध तोंडानं न देता नळीतून थेट मूत्राशयात सोडायचं. तोंडानं घेतलेलं औषध आतड्यातून आणि यकृतातून जाताना त्याचा एक अवतार तयार होतो, आणि तोंड कोरडं पाडण्यात त्याचाच हात मोठा असतो. नळीवाटे दिलं की तो फेरा बराच चुकतो, कोरड कमी होते. नळी तर घालायचीच असते, तिच्यातूनच औषध. हे मात्र शिकवून घेतल्याशिवाय घरी करू नये.

१९७५ नंतर कितीतरी वर्षं मुलांसाठी फारसं नवं काही हाती नव्हतं, आणि मग दहा महिन्यांत तीन औषधांना अमेरिकेत या आजारासाठी मुलांमध्ये मान्यता मिळाली. मे २०२० मध्ये दोन वर्षांवरच्या मुलांसाठी सोलिफेनासिनचं पातळ औषध. ते ऑक्सिब्युटिनिनच्याच घराण्यातलं, पण दिवसातून एकदाच द्यायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये पाच वर्षांवरच्यांसाठी बोट्युलिनम टॉक्सिन. मार्च २०२१ मध्ये तीन वर्षांवरच्यांसाठी मिराबेग्रॉन. हे शेवटचं वेगळ्या वाटेनं जातं. आवळायचा हुकूम अडवत बसण्यापेक्षा ते स्नायूला सैल व्हायचा हुकूम देतं, त्यामुळं तोंड, पोट, घाम यांची फारशी तक्रार नसते. रक्तदाबावर मात्र लक्ष ठेवावं लागतं. पहिल्या गोळीबरोबर ते जोडीनंही देतात. त्याची गोळी पोटात हळूहळू विरघळेल अशी बनवलेली असते. ती फोडून, कुटून, मधात कालवून द्यायची नसते. "गिळता येत नाही म्हणून वाटून दिली" हे मी इतक्यांकडून ऐकलंय की ही सूचना पाठीमागच्या कव्हरवर छापा, असं लेखकांना सांगितलं. ऐकतील असं वाटत नाही.

बोट्युलिनमची कथा धोतऱ्याहून विचित्र. जर्मनीत १८२० च्या दशकात युस्टिनस कर्नर नावाच्या डॉक्टरनं, जो कवीही होता, खराब सॉसेज खाऊन लुळ्या पडलेल्या माणसांच्या नोंदी लिहून काढल्या. ते विष मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन सुटूच देत नाही. गोळी हुकूम कानावर पडू देत नाही. हे तो तोंडातून निघू देत नाही. भूल देऊन, दुर्बीण घालून, मूत्राशयाच्या भिंतीत ठिकठिकाणी टोचतात. ३४ किलोच्या आतल्या मुलाला किलोला ६ युनिट, त्यावरच्यांना २०० युनिट. परिणाम काही महिने टिकतो, मग परत टोचायचं, पण मध्ये किमान १२ आठवडे गेल्याशिवाय नाही. गोळ्यांनी भागत नसेल किंवा सोसत नसतील तेव्हाच याची पाळी. खर्च आणि दरवेळची भूल हे त्याचे दोन काटे, आणि सरकारी रुग्णालयाच्या रांगेत पहिला काटा जास्त टोचतो.

जाता जाता टॅमसुलोसिनबद्दल. आजोबांच्या प्रोस्टेटची गोळी. झडप सैल करते, मग नातवाला का नको, असं एकेकाळी आम्हालाही वाटलं. मुलांवर रीतसर चाचणी झाली तेव्हा खोट्या गोळीपेक्षा ती सरस ठरली नाही. तरीही चिठ्ठ्यांवर ती अजून दिसते.

अँटिबायोटिकवर पुस्तकात सबंध प्रकरण आहे, त्यामुळं मी थोडक्यात आटोपतो. दिवसातून पाचदा नळी घातली जाणाऱ्या मुलाच्या लघवीत जंतू सापडणारच. रिपोर्टवर "बॅक्टेरिया" दिसलं म्हणून दर महिन्याला कोर्स दिला, तर दोन वर्षांत त्या पोराला खरा ताप येईल तेव्हा चालेल असं औषध उरत नाही. ताप, पाठदुखी, लघवीला अचानक घाण वास येऊन गळणं वाढणं, असं काही असेल तर उपचार. एरवी रिपोर्ट घडी घालून ठेवून द्या.

आणि एक औषध असं, जे मुलाला द्यायचं नसतं. गर्भात मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं अनेक देशांत मिळून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. आधी असं मूल झालेल्या आयांनी दिवस राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड घेतलं, तर पुन्हा तसं मूल होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. गरोदरपणाची नोंद झाल्यावर मिळणारी लोहाची लाल गोळी रक्तासाठी हवीच, पण ती हातात पडते तोवर ही नळी मिटलेली असते, नाहीतर उघडी राहून गेलेली असते. हे पुस्तक हातात घेणाऱ्या बऱ्याच आयांना दुसरं मूल हवं असेल. त्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं, कारण सगळ्यांचं लक्ष पहिल्यावर असतं. आपल्या दुकानांत ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, ती अगदी स्वस्त असते. दिवस राहायच्या आधीच्या महिन्यांतच डॉक्टरांना भेटून ती सुरू करा. सासूबाईंना वाटेल की आधीच एवढ्या गोळ्या आहेत घरात. वाटू द्या.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लेखकांना आभार छापायचे होते. बरीच मोठी यादी होती, माझंही नाव होतं तीत. भांडून ते पान मी रिकामं ठेवायला लावलंय. तिथं रकाने आखलेत: तारीख, वजन, कोणतं औषध किती मिलिलीटर, नळी किती वाजता, पोट साफ झालं की नाही, पुढची सोनोग्राफी कधी. आभार आता आतल्या कव्हरवर बारीक टायपात गेलेत. पानाच्या कडेला एक लहानसं भोक आहे, त्यातून दोरा ओवून पेन्सिल बांधा. पेननं लिहू नका, वजन दर तीन महिन्यांनी खोडावं लागेल.